काळी दोनच्या वर, पांढरी तीनच्या खाली

सुबराव अवघडेनं सायकलच्या कॅरिअरवरचं पोतं सोडलं, दोन्ही हातांनी उचलून आमच्या हार्मोनियमच्या दुकानाच्या पायरीवर टेकवलं आणि त्याचं तोंड उघडलं. आत पितळेचा एक अजस्र बाजा होता. बँडमध्ये सगळ्यात मागं चालणारा, अंगाभोवती घेऊन फुंकायचा, नुसतं भों भों करणारा. साहेब लोक त्याला ट्यूबा म्हणायचे, आमच्याकडे त्याला बास म्हणतात. वरून चंदेरी रंग फासलेला, त्याचे पोपडे सुटलेले, आणि कर्ण्यात कोळ्यानं संसार थाटलेला.

"मी पेटीवाला आहे, सुबराव," मी म्हटलं. "आमच्या दुकानात पितळ घेत नाहीत, ठाऊक आहे ना तुला?"

"दुरुस्त न्हाई करायचा, अण्णा. नुसता वळखायचाय. कुटल्या सुराचा हाय, कुनी केल्याला हाय, आन्..." तो अडला. "आन् बेसूर हाय का, त्ये बघायचंय."

शेवटचं बोलताना त्यानं माझ्याकडे बघितलं नाही. बेसूर हा शब्द त्याच्या घराला अठ्ठावीस वर्षं चिकटला होता, आणि तो चिकटवला होता माझ्या वडिलांनी.

ही शहाऐंशी सालची गोष्ट. मिरजेपासून दहा-बारा मैलांवरचं आमचं गाव. पूर्वी तिथं छोटंसं संस्थान होतं, संस्थानचा बँड होता. संस्थान गेलं, बँडचे बाजे लिलावात निघाले आणि हा बास लग्नांत वाजवणाऱ्या दौलत वायदंडेच्या बँडमध्ये आला. तो वाजवायचा सुबरावचा बाप, तायाप्पा. अठ्ठावन्न सालच्या दसऱ्याच्या जत्रेत बँडच्या स्पर्धा होत्या. परीक्षक म्हणून स्टेजवर पेटी घेऊन बसले होते आमचे अप्पा, ईरप्पा मिठारे. दौलतचा बँड सुरू झाला आणि काहीतरी खटकायला लागलं. लोक कुजबुजले. अप्पांनी बँड थांबवला, एकेकाला उभं करून एकेक लांब सूर काढायला लावला आणि पेटीवर ताडून बघितला. तायाप्पाची पाळी आली. त्यानं फुंकलं, अप्पांनी पेटीची पट्टी दाबली, मान हलवली आणि लाउडस्पीकरमध्ये सांगितलं, "हा माणूस बेसूर आहे."

पाच हजारांची जत्रा हसली. मी दहा वर्षांचा होतो, पुढच्या सतरंजीवर बसलो होतो. मीही पोट धरधरून हसलो.

दुसऱ्या दिवशी दौलतनं तायाप्पाला बँडातून काढलं. तो बास दुसरा कुणी वाजवेना म्हणून बाजाही त्याच्याच गळ्यात टाकला. तायाप्पा वीटभट्टीवर गेला. त्याचं नाव पडलं बेसुऱ्या. पुढं सुबराव चांगला पिपाणी वाजवायला लागला, पण बेसुऱ्याचं पोर म्हणून त्याला कुणी बँडात उभं केलं नाही. तो साखर कारखान्यावर पहारेकरी झाला. त्याच्या पोरीचं लग्न ठरत होतं तेव्हा पाहुण्यांनी विचारलं होतं, कुठले अवघडे, बेसुऱ्याचे का? आमच्याकडे असलं नाव एकदा पडलं की सरणावर जाईपर्यंत सुटत नाही.

"बाबाला दम लागलाय," सुबराव म्हणाला. "डाक्टर म्हनतोय, पावसाळा निघंल का सांगता येत न्हाई. बाबा म्हनतोय, मराच्या आदी मला कळूंदे. बाजा बेसूर हुता का मी? मिठाऱ्यांच्या दुकानानं सांगितलं हुतं, आता मिठाऱ्यांच्या दुकानानंच सांगावं. येत्या ऐतवारी बँडातली जुनी मानसं बोलावल्यात. दौलतमास्तर बी येनार हाय. त्यांच्या म्होरं या आन् सांगा."

"आणि माणूसच बेसूर निघाला तर?"

"तर तसं सांगा. बाबाची तयारी हाय."

मला नाही म्हणता आलं असतं. पण खरं सांगायचं तर मला हुरूप आला. बापानं दिलेला निकाल मुलानं पुन्हा तपासायचा, तोही मातंग वस्तीत जाऊन, सगळ्यांसमोर. त्या काळी मी तालुक्याच्या वाचनालयाचा चिटणीस होतो आणि स्वतःला बराच पुरोगामी समजत होतो.

"फुंक बघू एकदा," मी म्हटलं.

सुबरावनं धोतराच्या सोग्यानं कोळ्याची जाळी काढली, तोंड लावलं आणि एक लांब सूर काढला. दुकानातल्या साऱ्या पेट्यांच्या काचा थरथरल्या. मी पेटीवर शोधायला लागलो. काळी दोन दाबली, जमेना. तिच्या लगेच वरची पांढरी तीन दाबली, तीही जमेना. पुन्हा काळी दोन. तेवढ्यात मागच्या खोलीतून अप्पांचा आवाज आला.

"काळी दोनच्या वर, पांढरी तीनच्या खाली. मधोमध आहे. कशाला पट्ट्या बडवतोस?"

अप्पांना तेव्हा एक्याऐंशीवं चालू होतं. डोळे गेल्यात जमा होते, मोतीबिंदूच्या दोन ऑपरेशनांनीही फार फरक पडला नव्हता. पण कान होता. धारवाड-बेळगावपासून सोलापूरपर्यंतचे गवई त्या कानासाठी आमच्या गावची धूळ तुडवत यायचे. अप्पा पलंगावर पडून ऐकायचे आणि सांगायचे, तिसऱ्या सप्तकातला कोमल धैवत केसभर उतरलाय. मी तो घासून नीट करायचो. दुकान माझ्या नावावर होतं, पण चालत होतं त्या कानावर. मला तो कान नाही. हे मी गावात कुणाला कधी सांगितलं नव्हतं. माझ्याजवळ जर्मन सुरांची एक नमुन्याची पेटी होती, तिच्याशी ताडून ताडून मी काम भागवायचो.

थोड्या वेळानं अप्पांनी विचारलं, "कुणाचा बाजा?"

"तायाप्पा अवघडेचा."

माझ्या बायकोनं, गिरिजानं, अप्पांपुढं चहा नेऊन ठेवला, तो तसाच गार झाला. मला वाटलं, म्हाताऱ्याला झोप लागली.

पुढचे तीन दिवस मी त्या बाजाच्या मागं लागलो. आधी सुतळी घेतली आणि तोंडापासून कर्ण्यापर्यंत सगळी वळणं मोजत गेलो. तेरा फुटांना थोडी कमी भरली. नळी जेवढी लांब तेवढा सूर खाली, हे पेटीवाल्यालाही कळतं. मिरजेच्या एका दुकानदाराकडे वाद्यांचं जुनं पुस्तक होतं, ते मागवून बघितलं. तेरा फुटांचा बास म्हणजे काळी दोन. म्हणजे बाजा काळी दोनचा खरा, पण बोलत होता तिच्याहून चढा.

मग चिंच आणि राख घेऊन बसलो. चंदेरी रंग खरवडायला लागलो तसं खालचं पितळ दिसायला लागलं. कर्ण्यावर वेलबुट्टी निघाली, तिच्याखाली इंग्रजी अक्षरं. हॉलोवे अँड सन, लंडन. नंबर होता. आणि सगळ्यात खाली दोनच अक्षरं, एच.पी.

गुरुवारी सुबराव ड्यूटीवरून परस्पर आला होता. त्यानं ती अक्षरं निरखून बघितली.

"एच.पी. म्हंजे? हिरीवरच्या मोटरीवर असतंय तसं?"

"मोटर असती तर तुझ्या बापाला फुंकावं लागलं नसतं," मी म्हटलं आणि आम्ही दोघंही हसलो. त्या आठवड्यात मी सुबरावबरोबर बराच हसलो. माणूस चांगला होता. बाजाच्या प्रत्येक नव्या अक्षराला तो हात लावून बघायचा आणि घरी जाऊन बापाला सांगायचा. "बाबा आज उठून बसला," असं दुसऱ्या दिवशी येऊन सांगायचा. त्या म्हाताऱ्याच्या जिवाची सगळी उमेद मी खरवडत असलेल्या त्या रंगाखाली होती, आणि ते मला चांगलंच ठाऊक होतं.

शुक्रवारी सकाळी दुकानात मी एकटाच होतो. बासाच्या मध्यावर एक मोठी वाकडी नळी असते, घोड्याच्या नालासारखी. तिचे दोन्ही पाय दुसऱ्या दोन नळ्यांमध्ये बसलेले असतात. तिथला रंग काढला तर सांध्यावर दोन्ही बाजूंना कथील वितळवून डाग दिलेला, नळी जागच्या जागी जखडलेली. डाग नीटस होता, कडेला एक थेंबही सांडलेला नव्हता. आणि डागाच्या शेजारी सुईनं कोरलेलं होतं, ई. मि., भाद्रपद, ५८.

पेटीवाल्यांत ही एक रीत आहे. काम केलं की आत कुठंतरी, कुणाला दिसणार नाही अशा जागी, नावाची अक्षरं आणि महिना कोरायचा. पुढं पेटी दुसऱ्या कुणाच्या हातात गेली तर त्याला कळावं, आधी कुणाचा हात लागलाय. अप्पांची अक्षरं मी हजारो वेळा बघितली होती. डाव्या बाजूला झुकणारा 'ई', आणि 'मि'ची वेलांटी लांब.

भाद्रपद. स्पर्धा आश्विनात झाली होती.

मी तसाच आत गेलो. अप्पा भिंतीला टेकून बसले होते.

"अप्पा, त्या बासाला डाग तुम्ही दिलाय."

"हो."

ते नाकारतील असं धरून मी आलो होतो. त्यामुळं मला पुढं काय विचारायचं ते सुचेना.

"एच.पी. लिहिलंय का त्याच्यावर?" त्यांनीच विचारलं.

"लिहिलंय."

"हाय पिच. पूर्वी विलायतेत सूर चढा लावत. आपल्या आजच्या पट्टीपेक्षा अर्धी पट्टी वर. संस्थानच्या बँडात सगळेच बाजे तिकडचे, म्हणून सगळे मिळून चढे. कुणाला काही कळायचं नाही. दौलतकडे बाकीचे बाजे नवे होते, मेरठचे, आजच्या सुराचे. त्यांच्यात हा एकटा चढा."

"मग तायाप्पा कसा वाजवायचा?"

"ती वाकडी नळी सरकती असते. बाहेर ओढली की सूर उतरतो. तायाप्पा ती चार बोटं ओढून वाजवायचा."

"आणि तुम्ही ती डागून टाकली."

अप्पांनी डोळे मिटले. एरवीही त्यांना दिसत नव्हतं, तरी मिटले.

"पेटीतून हवा गळली की पेटी मेली. जन्मभर मी गळती बंद करत आलो. तो बाजा आला, पोचा काढायचा होता. बघितलं तर ही नळी हलतीय, सांध्यातून फुसफुसतंय. मला वाटलं, सैल झालीय. पक्की करून दिली. चांगलं काम केलं म्हणून अक्षरंही कोरली."

"आणि महिन्याभरानं त्यालाच लाउडस्पीकरमध्ये बेसूर म्हणालात."

"तेव्हा मला ठाऊक नव्हतं रे. सूर मधोमध लागत होता. माझा कान खोटा नव्हता."

"मग ठाऊक कधी झालं?"

"पुढच्या संक्रांतीला. मिरजेत मिलिटरीतला एक बँडवाला भेटला. त्यानं माझ्यासमोर नळी ओढून सूर खाली आणला. मी तिथं दुकानाच्या फळीवरच बसलो. त्या दिवसापासून पितळाला हात लावला नाही."

पितळ म्हणजे हलकं काम, तारेचं आणि पेटीचं काम उच्च, म्हणून अप्पा पितळ घेत नाहीत असं आम्ही घरात समजत होतो. मी तर ते गिऱ्हाइकांना अभिमानानं सांगत असे.

"सत्तावीस वर्षं, अप्पा. सांगायला का नाही गेलात?"

"कुठं जायचं? मांगवाड्यात जाऊन उभं राहायचं आणि ईरप्पा मिठारे चुकला म्हणायचं?" त्यांनी पांघरूण गुडघ्यांवर ओढून घेतलं. "आधी लाज वाटली. मग फार दिवस झाले."

मी बाहेर येऊन बाजासमोर बसलो. संताप आला होता, हे खरं आहे. पण संताप अर्धा तास टिकला. मग हिशेबी डोकं चालू झालं. रविवारी दौलत वायदंडे असणार, म्हणजे सोमवारी बाजारात सगळीकडे होणार. मिठारे मास्तरांनी एका माणसाचं वाद्य बिघडवलं आणि त्यालाच बेसूर ठरवलं. त्या कानाची पुण्याई एकदा गेली की माझ्याजवळ काय उरतं? एक जर्मन पेटी. मला दोन मुलं होती आणि मी अडतीस वर्षांचा होतो.

मी दिवा पेटवला आणि डाग वितळवून नळी मोकळी केली. तेवढं करणं भागच होतं, नळी सरकल्याशिवाय दाखवणार काय? मग कथलाचे उरलेले कण काढायला पॉलिश पेपर घेतला. घासता घासता अक्षरांपर्यंत आलो. तिथं थांबता आलं असतं. मी थांबलो नाही. पितळ आरशासारखं होईपर्यंत घासलं आणि स्वतःला सांगितलं की वस्तू परत द्यायची तर स्वच्छ करून द्यावी.

रविवारी सकाळी अंघोळ करून बाहेर आलो तर अप्पा तयार होऊन खुर्चीत बसलेले. काळा कोट, टोपी, कपाळाला विभूती, हातात काठी. गेल्या दोन वर्षांत ते उंबऱ्याबाहेर गेले नव्हते.

"रिक्षा बोलाव," ते म्हणाले. "मी येतो."

"कुठं?"

"तायाप्पाकडे. माझ्या तोंडानं सांगतो. दोन रात्री डोळ्याला डोळा नाही."

"उन्हात कुठं जाताय? वस्तीत रिक्षा जात नाही, चिखल आहे. चक्कर आली म्हणजे? मी सांगतो की."

"तू सांगशील?"

"सांगतो."

"माझं नाव घेऊन सांग. नळी ईरप्पानं डागली, चूक ईरप्पाची, म्हण. आणि म्हणावं, माफ कर. तेवढं विसरू नकोस."

"नाही विसरत."

त्यांनी माझा हात चाचपून धरला आणि दाबला. मी तो सोडवून घेतला आणि बाजा सायकलला बांधला.

तायाप्पाच्या अंगणात पत्र्याच्या सावलीला बाज टाकली होती. तिच्यावर तो उशांना टेकून बसला होता. मी त्याला कितीतरी वर्षांनी बघत होतो. भट्टीच्या धुळीनं छाती पार आत गेलेली, पण दाढी करून, इस्त्रीचा सदरा घालून बसला होता. भोवती सहा-सात म्हातारी माणसं होती. सगळी जुनी बँडवाली. दौलत वायदंडे खुर्चीत, काठीवर हनुवटी टेकून. सुबराव सगळ्यांना बसायला देत होता आणि त्याचे पाय जमिनीवर ठरत नव्हते.

"या, धाकलं मास्तर," तायाप्पा म्हणाला. "सांगा. कुनाचा ह्यो बाजा?"

"लंडनचा. हॉलोवे कंपनीचा."

"सूर?"

"काळी दोन."

"आन् बेसूर कोन?"

मी उभा राहिलो. बोलायची मला सवय होती, वाचनालयाच्या सभांमध्ये मी छान बोलायचो. मी त्यांना एच.पी.चा अर्थ सांगितला. संस्थानचे बाजे, मेरठचे बाजे, चढा सूर, उतरता सूर, सगळं समजावून सांगितलं. माणसं मन लावून ऐकत होती. मग मी म्हटलं, "तायाप्पांचा ह्यात काडीचाही दोष नव्हता. त्या दिवशी जो सूर बेसूर लागला तो बाजाचा होता. हा बाजा विलायतेतूनच तसा आला होता."

एक म्हातारा टाळ्या वाजवायला लागला. सुबरावनं तोंड फिरवून डोळे पुसले.

"तरी मी त्या वक्ताला म्हनत हुतो," दौलत म्हणाला, "तायाप्पाचं तोंड काय वाईट न्हाई. म्हंजे बघा, कुनाचीच चूक न्हाई."

"न्हाईच की," दुसरा म्हणाला. "नशिबाचा फेरा."

मला हायसं वाटलं. मी मनाशी म्हणत होतो, झालं की. माणसाचं नाव धुऊन निघालं, आणखी काय पाहिजे? अप्पांचंही नाव राहिलं. कुणाचंच काही बिघडलं नाही.

"बाजा हिकडं आन," तायाप्पा सुबरावला म्हणाला.

सुबरावनं बाजा बाजेवर ठेवला. तायाप्पानं डावा हात त्याच्यावरून फिरवत नेला, न बघताच बरोबर त्या वाकड्या नळीपाशी आणला आणि ओढली. नळी सरकन चार बोटं बाहेर आली. त्यानं सांध्यावर अंगठा फिरवला. एकदा, दोनदा.

"हितं लई घासलंय."

"साफ केलं," मी म्हटलं. "डाग पडले होते."

"हां. पडलं हुतं." त्याला दम लागला, तो थोडा थांबला. "मास्तर, बाजा विलायतेतनंच बेसूर आला म्हनता. मग भादव्याच्या आदी दोन वर्सं मी ह्योच बाजा वाजवला. दोनशे लग्नं वाजवली असतील. दौलत, बोल, कवा बोल लावलास?"

दौलतनं मान हलवली. "न्हाई."

"मग त्यो सूर कुटनं आला हुता?"

मी खाली बसलो.

"भादव्यात मी सवता ह्यो खांद्यावरनं तुमच्या दुकानात आनला. तुमच्या अप्पास्नी म्हटलं, मालक, ही नळी सरकती हाय, एवढी सोडून बाकीचं बघा. त्ये म्हनलं, तू फुकायचं बघ, दुरुस्तीचं मला कळतंय. आठ दिसांनी घ्याला आलो तर नळी डागल्याली. दौलतला सांगितलं. दौलत म्हनला, मिठारे मास्तरांच्या हातात खोट काडतोस व्हय?" त्याचा श्वास वाजत होता, पण तो सावकाश, एकेक शब्द ठेवत बोलत होता. "म्हनून पुन्हा कुनाला सांगितलं न्हाई. ह्या माझ्या पोराला बी न्हाई. म्हटलं, मास्तरांच्या लेकाच्या हाताला सापडूंदे. त्यो शिकल्याला हाय. त्यो सांगंल."

त्या वेळी माझ्या तोंडात अप्पांचे शब्द तयार होते. ईरप्पानं डागली, चूक ईरप्पाची, माफ कर. पाठ करून दिल्यासारखे. उघडायचं होतं ते फक्त तोंड.

"असंल बाबा काय तरी," सुबराव मध्ये पडला. त्याला ते सुख इतक्यात हातचं जाऊ द्यायचं नव्हतं. "मास्तर म्हनालेत न्हवं, तुमचा दोष न्हवता म्हनून? झालं की आता."

"न्हाई झालं," तायाप्पा म्हणाला. "बाजाची चूक न्हाई. हाताची चूक न्हाई. कुनाचीच न्हाई. आसं असंल तर मी बेसूरच बरा."

त्यानं नळी परत आत ढकलली आणि बाजा बाजूला सारला. मग आडवा झाला आणि भिंतीकडे तोंड केलं.

सुबरावच्या बायकोनं चहा आणला. कुणाकडं बघायचं ते न कळून मी तो घेतला. मी त्यांच्या घरचा चहा पितो ह्याचं कौतुक त्यातल्या दोघांच्या चेहऱ्यावर होतं. मी कप रिकामा केला, बरा झालाय म्हणालो आणि चपला घातल्या. सुबराव वस्तीच्या टोकापर्यंत पोचवायला आला. "बाबाचं मनावर घिऊ नका," तो म्हणाला. "तुम्ही एवढं केलंसा." मी मान डोलावली.

तायाप्पा दसऱ्याच्या आधीच गेला. बाजारात बातमी आली ती बेसुऱ्या गेला अशीच. मी अंत्ययात्रेला गेलो नाही, दुकानात धारवाडची दोन गिऱ्हाइकं बसली होती.

त्या रविवारी दुपारी घरी आलो तेव्हा अप्पा अजून त्याच खुर्चीत होते. कोट अंगात, टोपी डोक्यावर. गिरिजा म्हणाली, सकाळपासून काही खाल्लेलं नाही, तुम्ही येईपर्यंत नको म्हणतायत.

"सांगितलंस?" माझी चाहूल लागताच त्यांनी विचारलं.

"सांगितलं."

"नाव घेऊन?"

"नाव घेऊन."

"माफ कर म्हणालास?"

"म्हणालो."

ते पुढं वाकले. तोंड माझ्या आवाजाच्या दिशेनं धरलं. बारीकसा सूर सुद्धा ज्यांच्यातून सुटत नव्हता असे ते कान माझ्याकडे लागले होते, आणि मी श्वास धरून उभा होतो.

"मग? काय म्हणाला?"

"म्हणाला, झालं गेलं. अप्पांना म्हणावं, मनात ठेवू नका."

अप्पा मागं टेकले. त्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली आणि कोटाच्या बाहीनं डोळे पुसले, पुसतच राहिले.

"मोठ्या मनाचा माणूस," ते म्हणाले. "आपण उगीच इतकी वर्षं घाबरलो."

मग त्यांनी गिरिजाला हाक मारली आणि पान वाढायला सांगितलं. त्या दुपारी ते दोन भाकऱ्या जेवले, आणि वर आमटी मागून घेतली.